नाटक की अभिवाचन? ज्यूंच्या छळाची आठवण रंगभूमीवर ठेवताना

पायवाट

गेली नऊ वर्षे आम्ही इटलीतल्या तोरिनो शहरात राहतो. इथल्या शाळांत २७ जानेवारी सहसा चुकत नाही. २००० साली इटलीच्या संसदेने २११ क्रमांकाचा कायदा करून हा दिवस स्मृतिदिन ठरवला. १९४५ मध्ये याच तारखेला सोव्हिएत सैन्य पोलंडमधल्या आउश्वित्झ या नाझींच्या मृत्युछावणीला पोहोचले होते. त्या कायद्यात छावण्यांसोबत १९३८ च्या वांशिक कायद्यांचाही स्पष्ट उल्लेख आहे आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो. छावण्यांचे पाप जर्मनांच्या माथी मारून मोकळे होता येते, पण १९३८ चे कायदे मुसोलिनीच्या सरकारने केले आणि त्यांवर सही इटलीच्या राजाची होती.

माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. यंदा तिच्या वर्गाने या दिवसासाठी अर्ध्या तासाचा प्रयोग बसवला. तालमी सुरू झाल्या तेव्हा ती घरी येऊन कुरकुरली, “आई, हे नाटक नाहीच. नुसते कागद वाचायचे आहेत. यात अभिनय काय करायचा?” तिच्या वाट्याला तीन मनाया आल्या होत्या.

प्रयोग व्यायामशाळेत झाला. घडीच्या खुर्च्या होत्या, पडदा नव्हता आणि मुले शाळेच्या रोजच्या कपड्यांत उभी होती. एकामागून एक मुले १९३८ आणि त्यानंतरच्या काही वर्षांतले कायदे व परिपत्रके वाचत होती. ज्यू मुलांना सरकारी शाळेत प्रवेश नाही. ज्यू लेखकांनी लिहिलेली पाठ्यपुस्तके बाद. ज्यूंनी घरकामाला ‘आर्य’ नोकर ठेवू नये. रेडिओ बाळगू नये. हवा पालटायला ठरावीक ठिकाणी जाऊ नये. टेलिफोनच्या पुस्तकात नाव असू नये. वर्तमानपत्रात मृत्यूची जाहिरात देऊ नये. मंचाच्या कडेला एक मुलगा लाकडी खोक्यावर जाडजूड टेलिफोनचे पुस्तक उघडून बसला होता आणि प्रत्येक मनाई वाचून झाली की पेन्सिलीने त्यातली एक ओळ खोडत होता. त्या पेन्सिलीचा खर्र असा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत येत होता. दुसरे पार्श्वसंगीत नव्हते.

मला सर्वांत जास्त लागली ती मृत्यूच्या जाहिरातीची मनाई. आमच्या घरी आजोबा सकाळी पेपर आला की आधी ‘दुःखद निधन’चे पान उघडत आणि बाकीच्या बातम्या नंतर वाचत. माणूस गेला हे चारचौघांना कळवण्याचीही बंदी घालावी, हे ज्या कारकुनाला सुचले असेल त्याने त्या दिवशी घरी जाऊन शांतपणे जेवण केले असेल. प्रयोगात छावणी, गणवेश, काटेरी तार यांतले काहीही नव्हते. तरीही पुढे १९४३ च्या सप्टेंबरनंतर इटलीतून सुमारे सात हजार ज्यूंना पकडून नेणे इतके सोपे का गेले, हे मला त्या अर्ध्या तासात उमगले. १९३८ च्या ऑगस्टमध्ये सरकारने ज्यूंची शिरगणती करून ठेवली होती. याद्या आधीच तयार होत्या.

ज्यू लेखक प्रीमो लेव्ही याच शहरातले. १९४३ च्या डिसेंबरात ते डोंगरात पकडले गेले, तिथून फोसोलीच्या छावणीत आणि २२ फेब्रुवारी १९४४ ला आउश्वित्झकडे रवाना झाले. त्या गाडीत साडेसहाशे माणसे होती. परतल्यावर त्यांनी छावणीतल्या दिवसांवर लिहिलेले पुस्तक अनेकांना माहीत असेल. त्याचे नाट्यरूप त्यांनी स्वतः पिएरअल्बेर्तो मार्के यांच्यासोबत केले होते, हे फारसे माहीत नसते. १९६६ च्या नोव्हेंबरात इथल्या कारिन्यानो नाट्यगृहात जानफ्रांको दे बोसिओ यांच्या दिग्दर्शनाखाली ते रंगमंचावर आले. त्याआधी १९६४ मध्ये त्याचे रेडिओरूप झाले होते आणि लेव्हींना त्याची कल्पना कॅनडाच्या रेडिओने केलेल्या रूपांतरावरून आली होती. कॅनडाच्या मंडळींनी छावणीतले भाषांचे कडबोळे तसेच ठेवले होते आणि लेव्हींना नेमके तेच पटले. म्हणून तोरिनोच्या प्रयोगातही निरनिराळ्या देशांचे नट घेतले गेले. छावणीत जर्मन हुकूम न कळणे म्हणजे मरण ओढवून घेणे, हे लेव्हींनी वारंवार लिहिले आहे. प्रेक्षकालाही थोडा वेळ काही कळू नये, अशी ती योजना होती.

आता प्रश्न. मुलीच्या शाळेत झाले ते अभिवाचन, कारिन्यानोत झाले ते नाटक. या विषयाची आठवण ठेवायला यांतले काय अधिक कामाचे? छावणी रंगमंचावर उभी करावी का? इथे नाटकवाले बरेच आहेत, म्हणून विचारते.

नेपथ्यवाला

पायवाट, तुमच्या मुलीच्या वर्गाने जे केले त्याला मी अभिवाचन म्हणणार नाही. खोक्यावर पुस्तक ठेवून पेन्सिल फिरवणारा मुलगा बसवला, तिथेच ते नाटक झाले. त्या मुलाला एकही वाक्य नाही आणि तरीही सगळ्यांचे लक्ष त्याच्याकडे असणार.

माझा या विषयाशी संबंध आला तो महाविद्यालयात असताना. आम्ही जर्मन नाटककार ब्रेख्तच्या ‘तिसऱ्या राइशमधील (म्हणजे हिटलरच्या राजवटीतील) भीती आणि दैन्य’ या प्रवेशमालिकेतला ज्यू बायकोचा प्रवेश एकांकिका स्पर्धेसाठी मराठीत केला होता आणि प्रकाशयोजना माझ्याकडे होती. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. साल १९३५, गाव फ्रांकफुर्ट. यूडिथ नावाची एका नामवंत डॉक्टरची बायको सामान बांधते आहे. ती ज्यू आहे, नवरा नाही, आणि तिच्यामुळे त्याची नोकरी धोक्यात येऊ लागली आहे. ती एकेकाला फोन करून मी जरा काही दिवस बाहेर जाते आहे असे सांगते, पत्ते खेळायला येणार नाही म्हणते, नवऱ्याकडे लक्ष ठेवा म्हणते. मग फोननंबरांची वही जाळते. त्यानंतर रिकाम्या खुर्चीला नवरा समजून त्याच्याशी काय बोलायचे याची तालीम करते, आणि त्या तालमीत ती त्याला बजावते की मला पुढच्या हिवाळ्यापर्यंत लागणार नाही तो फरचा कोट हातात देऊन ‘काही आठवड्यांचाच तर प्रश्न आहे’ असे म्हणू नकोस. मग खरा नवरा येतो, कोट तिच्या हातात देतो आणि नेमके तेच म्हणतो.

आमच्या दिग्दर्शकाने यावर काय केले असेल? मागे स्वस्तिकाचा भला मोठा झेंडा टांगला, विंगेतून बुटांचा ठप ठप आवाज सोडला आणि मला लाल प्रकाश मारायला लावला. रंगीत तालमीला एक ज्येष्ठ नट आले होते. संपूर्ण प्रवेश त्यांनी मुकाट्याने पाहिला आणि उठताना एवढेच म्हणाले, “बूट ऐकू येतायत, म्हणजे शत्रू बाहेर आहे. मग नवऱ्याकडे कोण बघणार?” रात्रीतून झेंडा उतरवला, बूट काढले, मी लाल कागद काढून साधा पिवळा दिवा ठेवला. दुसऱ्या दिवशी कोट देण्याच्या क्षणाला प्रेक्षागृहात जी शांतता पसरली ती मला अजून आठवते. बक्षीस मिळाले नाही, ते सोडा.

ब्रेख्त आणि त्यांची पत्नी हेलेने वाइगेल जर्मन संसदेची इमारत राइशस्टाग जळाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २८ फेब्रुवारी १९३३ ला जर्मनी सोडून गेले होते. वाइगेल स्वतः ज्यू होत्या. १९३८ च्या मे महिन्यात पॅरिसला या मालिकेतले काही प्रवेश झाले, त्यात ही यूडिथ त्यांनीच केली. म्हणजे हे आठवणींचे नाटक नव्हतेच, तो तेव्हाचा वर्तमानकाळ होता. पुढे काय होणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हते. आपल्याला मात्र ते ठाऊक असते, आणि त्यामुळेच तो कोट आपल्याला जड जातो.

छावणी उभी करावी का? माझे उत्तर साफ नाही असे आहे. वजन कमी केलेल्या, रंगवलेल्या, पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांतल्या नटाला पाहून प्रेक्षक रंगभूषेला दाद देतो. उपाशी माणसाचा अभिनय करणारा नट प्रयोगानंतर वडापाव खातो, हे प्रेक्षकाला कुठेतरी माहीत असतेच.

फ्रांकफुर्टकर

नेपथ्यवाला यांच्या उत्तराशी सहमत. भर घालतो, कारण मी ज्या शहरात राहतो तिथूनच या प्रश्नाचे एक मोठे उत्तर निघाले.

डिसेंबर १९६३ ते ऑगस्ट १९६५ या काळात इथे आउश्वित्झमधल्या अधिकाऱ्यांवर खटला चालला. तो उभा राहिला मुख्यतः सरकारी वकील फ्रित्स बाउअर यांच्या चिकाटीमुळे. बाउअर ज्यू होते आणि १९३३ मध्ये स्वतः नाझींच्या छावणीत डांबले गेले होते. खटला आधी नगरसभेच्या इमारतीत आणि मग हाउस गालुस नावाच्या नव्या सार्वजनिक सभागृहात चालला. साडेतीनशेहून अधिक साक्षीदार झाले. त्यांतले दोनशेहून अधिक जण आउश्वित्झमधून वाचलेले होते. ज्या देशाने मारले त्याच देशात परत येऊन, मारणाऱ्यांच्या समोर काही हातांवर उभे राहून, त्यांच्या वकिलांचे उलटप्रश्न सोसत ते बोलले. त्या दिवशी पाऊस होता की नाही, तुम्हाला नेमके किती अंतरावरून दिसले, असे ते प्रश्न.

नाटककार पेटर वाइस प्रेक्षकांत बसून टिपणे काढत असत. ज्यू वडिलांचा हा मुलगा, घरच्यांसह जर्मनीबाहेर पडून स्वीडनमध्ये स्थायिक झालेला. त्यांनी या साक्षींमधून ‘तपास’ हे नाटक रचले. त्यांनी स्वतःचे काव्य जवळपास घातलेच नाही. साक्षीतली वाक्ये निवडली, कापली, विरामचिन्हे काढून लहान लहान ओळींत मांडली. रचना दान्तेच्या महाकाव्यावरून घेतली आहे. अकरा सर्ग, प्रत्येकाचे तीन भाग. पहिला सर्ग रेल्वेच्या फलाटाचा आणि शेवटचा भट्ट्यांचा. त्यांनी सुरुवातीलाच बजावून ठेवले आहे की न्यायालयाची हुबेहूब प्रतिकृती मंचावर उभी करू नये, कारण ते छावणीची प्रतिकृती उभी करण्याइतकेच अशक्य आहे. आरोपींना नावे आहेत, खरी नावे. साक्षीदारांना नावे नाहीत, नुसते क्रमांक आहेत, कारण छावणीने त्यांची नावे काढून घेतली होती. आणि संहितेत अधूनमधून एक सूचना येते: आरोपी हसतात.

१९ ऑक्टोबर १९६५ ला, म्हणजे निकालानंतर दोन महिन्यांनी, पूर्व आणि पश्चिम जर्मनीतल्या अनेक नाट्यगृहांत एकाच रात्री हे नाटक झाले. पश्चिम बर्लिनचा प्रयोग एर्विन पिस्काटोर यांचा होता आणि संगीत लुइजी नोनो यांचे. त्याच रात्री लंडनमध्ये पीटर ब्रूक यांनी त्याचे वाचन केले. पायवाट, ‘नुसते वाचन’ म्हणणाऱ्या तुमच्या मुलीला हे जरूर सांगा.

निकालात सहा जणांना जन्मठेप झाली, तिघे सुटले. बाउअर यांना या निकालाचे समाधान वाटले नाही. मला विचाराल तर खटल्यापेक्षा नाटक अधिक लोकांपर्यंत पोहोचले, कारण निकालपत्र शेकडो पानांचे असते आणि ते कोणी वाचत नाही.

दिठी

फ्रांकफुर्टकर, माहिती उत्तम. पण या नाटकाबद्दलचा सर्वांत मोठा आक्षेप तुम्ही शिताफीने वगळलात. त्यात ‘ज्यू’ हा शब्द एकदाही येत नाही.

हा योगायोग नव्हे. वाइस तेव्हा डाव्या विचारांकडे झुकले होते आणि आउश्वित्झ ही भांडवलशाहीची टोकाची परिणती आहे असे त्यांना मांडायचे होते. छावणीच्या आधाराने कारखाने चालवणाऱ्या कंपन्यांची नावे नाटकात आहेत, आणि ती असायलाच हवीत. पण ज्यांना ते केवळ ज्यू आहेत म्हणून गाडीत कोंबले, त्यांच्याच नाटकातून तो शब्द गाळायचा याला मी आठवण म्हणणार नाही. सोव्हिएत गोटातल्या देशांत दशकानुदशके स्मारकांवर ‘फॅसिझमचे बळी’ एवढेच लिहीत. मेले कोण, याचे उत्तर ‘नागरिक’.

दुसऱ्या बाजूलाही हेच झाले, फक्त गोडीगुलाबीने. ॲन फ्रँकच्या रोजनिशीवरचे नाटक ऑक्टोबर १९५५ मध्ये न्यूयॉर्कला आले. फ्रान्सिस गुडरिच आणि ॲल्बर्ट हॅकेट या जोडप्याने ते लिहिले आणि त्याला पुलित्झरही मिळाले. मूळ रोजनिशीत ॲन ज्यूंनाच हे का सोसावे लागते असे थेट विचारते. नाटकातली ॲन म्हणते की सोसावे लागणारे आपण एकटेच नाही, कधी एका वंशावर वेळ येते, कधी दुसऱ्यावर. सर्वांना पचेल असा हा बदल होता. १९५६ मध्ये जर्मनीतल्या अनेक शहरांत नाटक झाले तेव्हा लोक टाळ्या न वाजवता उठून गेले, याचे फार कौतुक होते. मला ते कौतुक निम्मेच पटते. त्या नाटकात अटक करणारे पोलीस मंचावर येतच नाहीत, शेवटी फक्त त्यांचे आवाज ऐकू येतात. ॲनला पकडून कुठे नेले, तिथे कोणी काय केले, यातले प्रेक्षकांना काहीच पाहावे लागत नाही. एका गोड मुलीसाठी रडणे हे आपल्या शेजाऱ्याचे घर कोणी लाटले हे विचारण्यापेक्षा सोपे असते.

म्हणून मला तोरिनोच्या मुलांचा प्रयोग या दोन्हींपेक्षा प्रामाणिक वाटतो. त्यात प्रत्येक वाक्यात ‘ज्यू’ हा शब्द आहे, कारण कायद्यात तो होता.

फ्रांकफुर्टकर

आक्षेप मान्य, वगळला नव्हता, मागे ठेवला होता. पण दुसरी बाजूही ऐका. रवांडाच्या उर्विन्तोरे या नाट्यसंस्थेने हे ‘तपास’ नाटक केले. त्यामागे दोर्सी रुगाम्बा होते, ज्यांच्या स्वतःच्या घरातली माणसे १९९४ च्या नरसंहारात मारली गेली. २००७ मध्ये लंडनला तो प्रयोग झाला. त्यांनी संहितेत रवांडा घुसडला नाही. फलाट, वर्गवारी, कपड्यांचे ढीग हे सगळे आउश्वित्झचेच ठेवले. तरीही ऐकणाऱ्याला दोन्ही ऐकू येत होते. वाइस यांनी तो शब्द गाळला नसता तर हे झालेच नसते असे मी म्हणत नाही, पण साक्षीदार निनावी असल्यामुळे त्या नटांना त्या जागी उभे राहता आले, हे नाकारता येणार नाही.

दिठी

त्यांना उभे राहता आले ते त्यांच्या अंगावर तसेच बेतले होते म्हणून. आपल्याकडच्या एखाद्या हौशी संघाने तेच केले तर ‘अन्याय सगळीकडेच असतो’ या एका वाक्यात सगळा फलाट गुंडाळला जाईल. माझी भीती ती आहे.

गावतळे

चर्चा वाचतो आहे, छान चालली आहे. एक शंका: कोल्हापूरजवळ वळिवड्याला महायुद्धाच्या काळात पोलंडहून आलेल्या ज्यू निर्वासितांची छावणी होती ना? त्यावर मराठीत नाटक व्हायला हवे.

तालीममास्तर

गावतळे, वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले हे खरे, पण ते बहुतेक कॅथलिक होते आणि सोव्हिएत रशियाने सैबेरिया व मध्य आशियात हद्दपार केलेल्यांपैकी होते. ती गोष्ट वेगळी आणि तीही सांगण्याजोगी आहे. दोन्ही एकत्र केल्या तर दोन्ही बिघडतील.

पोलंड आणि आपण यांच्यातला खरा दुवा एका नाटकाचा आहे, आणि तो या धाग्यात अजून आला कसा नाही याचे आश्चर्य वाटते. डॉ. यानुश कोर्चाक हे वॉर्सातले बालरोगतज्ज्ञ आणि लेखक, ज्यू मुलांचे अनाथालय चालवत. नाझींनी ते अनाथालय घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवण्यासाठी वेगळ्या केलेल्या वस्तीत, हलवायला लावले. १८ जुलै १९४२ ला तिथल्या मुलांनी रवींद्रनाथांचे ‘डाकघर’ केले. चार दिवसांनी, २२ जुलैला, वॉर्सा घेट्टोतून माणसे हलवायला सुरुवात झाली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोर्चाक आपल्या सुमारे दोनशे मुलांसह रस्त्याने चालत गाडीपर्यंत गेले आणि ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत सर्वजण मारले गेले. त्यांना स्वतःला वाचण्याच्या संधी होत्या. मुलांना सोडून ते गेले नाहीत.

मी नाशिकला मुलांची नाट्यशिबिरे घेतो आणि ‘डाकघर’ तीनदा बसवले आहे. वैद्याने बाहेर जायला मनाई केलेला अमल खिडकीशी बसून दहीवाल्याशी, पहारेकऱ्याशी, फुले वेचणाऱ्या सुधाशी बोलतो आणि राजाच्या पत्राची वाट पाहतो. शेवटी राजवैद्य येतो आणि सगळी दारे-खिडक्या उघडायला सांगतो. घेट्टोची भिंत उभी असताना, बाहेर पडल्यास गोळी घालण्याचा हुकूम असताना, ज्यांना खरोखरच बाहेर जाता येत नव्हते त्या मुलांनी ती खिडकी केली. मी हे वाचल्यावर पुढच्या शिबिरात कोर्चाक यांची चौकट घालून प्रयोग करायचे ठरवले: आधी घेट्टो, मग नाटक, मग मोर्चासारखी चाललेली मुले. दोन आठवडे तालमी केल्या. मग एक दहा वर्षांची मुलगी म्हणाली, “सर, पण त्या मुलांना माहीत होते का, की नंतर काय होणार?” मला उत्तर देता आले नाही. चौकट काढून टाकली. ‘डाकघर’ जसे आहे तसे केले आणि पत्रिकेच्या मागे एवढेच छापले की हे नाटक १८ जुलै १९४२ ला वॉर्सातल्या अनाथालयातल्या मुलांनी केले होते. प्रयोगाला काही पालकांनी पत्रिका उलटून पाहिलीच नाही. ज्यांनी पाहिली, ते शेवटच्या प्रवेशात सुधा येऊन ‘त्याला सांगा, सुधा तुला विसरली नाही’ असे म्हणाली तेव्हा मान खाली घालून बसले होते.

दिठी

तालीममास्तर, पत्रिकेची कल्पना फार आवडली. तुमच्या उदाहरणामुळे आणखी एक आठवले, जे नेपथ्यवाला यांच्या ठाम ‘नाही’ला थोडा धक्का देणारे आहे.

विल्ना, म्हणजे आजचे लिथुआनियातले विल्निअस. तिथल्या घेट्टोत जानेवारी १९४२ मध्ये ज्यूंनी स्वतःचे नाट्यगृह सुरू केले. शहराबाहेरच्या पोनारीच्या जंगलात त्यांच्यातल्या हजारो माणसांना गोळ्या घालून झाल्या होत्या. पहिल्या प्रयोगाच्या वेळी घेट्टोत निषेधाची पत्रके लागली: स्मशानात नाटक करत नाहीत. घेट्टोचे ग्रंथपाल हेर्मान क्रुक यांनी हे आपल्या रोजनिशीत नोंदवून ठेवले आहे. तेही निषेध करणाऱ्यांच्याच बाजूचे होते. पण पुढे त्याच रोजनिशीत नाट्यगृहाविषयीचा त्यांचा सूर बदलत जातो, लोकांना त्याची गरज आहे हे ते मान्य करतात. क्रुक १९४४ मध्ये एस्टोनियातल्या छावणीत मारले गेले.

१९८४ मध्ये इस्रायली नाटककार येहोशुआ सोबोल यांनी याच नाट्यगृहावर ‘घेट्टो’ हे नाटक लिहिले. त्यात गाणी आहेत, विनोद आहे, मेलेल्यांच्या कपड्यांचा ढीग मंचावर आहे आणि नट त्यांतूनच वेशभूषा काढतात. घेट्टोचा ज्यू प्रमुख याकोब गेन्स काहींना वाचवण्यासाठी काहींना हवाली करतो, हेही त्यात आहे. म्हणजे इथे मंचावर घेट्टो उभे आहे आणि तरीही ते खोटे वाटत नाही, कारण ज्यांची गोष्ट आहे त्यांनीच तिथे नाटक केले होते.

नेपथ्यवाला

दिठी, धक्का बसला. ‘छावणी उभी करू नये’ हे विधान मी जरा आवरतो. कपड्यांचा ढीग चालेल. पट्ट्यांच्या कपड्यातला, पोटाला चिमटा काढून उभा केलेला नट मला अजूनही चालणार नाही.

पायवाट

सर्वांचे आभार. मी विचारले होते दोनांपैकी एक, पण इटलीत या विषयाला एक तिसरा प्रकारही रुजला आहे आणि तो आपल्याला जवळचा वाटावा असा आहे. त्याला इथे कथनाची रंगभूमी म्हणतात. एकच माणूस, एक खुर्ची, फार तर एक दिवा आणि दीड-दोन तास सांगणे. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला कीर्तनाचीच आठवण झाली. मूळ विषय सोडून आख्यान लावायचे, विनोद करायचा आणि गाफील सापडलेल्या श्रोत्याला पुन्हा मुद्द्यावर आणायचे.

अस्कानिओ चेलेस्तिनी या नटाचा ‘रादिओ क्लान्देस्तीना’ हा प्रयोग २००० सालचा. विषय रोममधले आर्देआतिने गुहांचे हत्याकांड. २३ मार्च १९४४ ला विया राझेल्ला या रस्त्यावर प्रतिकारकांनी बॉम्बस्फोट केला आणि त्यात ३३ जर्मन पोलीस मेले. दुसऱ्याच दिवशी जर्मनांनी एकास दहा या हिशेबाने माणसे गोळा केली आणि गुहांत नेऊन गोळ्या घातल्या. ३३० हवे होते, ३३५ मारले. हिशेबात पाच जास्त झाले होते आणि त्यांनी पाहिले होते म्हणून त्यांनाही सोडले नाही. यांतले ७५ जण ज्यू होते. आदल्याच वर्षी, १६ ऑक्टोबर १९४३ ला, रोममधून हजाराहून अधिक ज्यूंना आउश्वित्झला नेले होते आणि त्यांतले १६ परतले. तेव्हा जे हाती लागले नव्हते, त्यांतल्या काहींवर ही वेळ आली.

चेलेस्तिनी हे सांगायला कसे बसतात, तर एका बुटक्या बाईपासून सुरुवात करतात. तिला वाचता येत नाही, म्हणून ती त्यांना ‘घर भाड्याने देणे आहे’ अशा पाट्या वाचून दाखवायला सांगते. तिच्याशी बोलता बोलता ते रोमचा सगळा इतिहास उलगडतात. आणि या निरक्षर बाईचे प्रयोजन हळूहळू कळते. रोममध्ये वर्षानुवर्षे एक गोष्ट सांगितली जात होती: जर्मनांनी भिंतींवर पत्रके लावून बॉम्ब टाकणाऱ्यांना शरण यायला सांगितले होते, ते आले नाहीत, म्हणून निरपराध मेले. अशी पत्रके कधी लागलीच नव्हती. जे जाहीर झाले त्यात हुकमाची अंमलबजावणी झाली आहे असेच लिहिले होते. आलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाने शेकडो लोकांशी बोलून ही लोकस्मृती कशी तयार झाली हे दाखवले आणि चेलेस्तिनींचा प्रयोग त्याच कामावर उभा आहे. कधी न लागलेले पत्रक लोकांनी ‘वाचले’ होते, आणि मंचावर एक बाई खऱ्या पाट्या वाचता न आल्यामुळे अडली आहे. दिठी, तुमच्या भीतीला हे थोडेसे उत्तर आहे असे मला वाटते: नुसती आठवण ठेवणे पुरत नाही, चुकीची आठवणही खोडावी लागते.

माझ्या मुलीने हा धागा वाचायला घेतला आहे. मराठी वाचायचा कंटाळा करते, पण लंडनच्या वाचनापर्यंत पोहोचली.

नेपथ्यवाला

पायवाट, एक निव्वळ कामाचा प्रश्न. पेन्सिलीचा आवाज व्यायामशाळेत शेवटच्या रांगेपर्यंत आला म्हणता. माइक लावला होता का? मी पुढच्या महिन्यात आमच्या संघाबरोबर १९३८ चे हे कायदे मराठीत वाचून पाहणार आहे आणि आवाजावर अडकलो आहे.

पायवाट

माइक नव्हता. मुलीला विचारून लिहिते. सुरुवातीला पेन वापरले होते, पण आवाज दुसऱ्या रांगेच्या पुढे जाईना. मग शिक्षिकेने सुताराची चपटी पेन्सिल आणली. खोका आतून पोकळ हवा, आणि पुस्तक मधोमध उघडायचे नाही, सुरुवातीची थोडीच पाने उलटायची, म्हणजे खाली जाडी राहते आणि पेन्सिल दाबता येते, असे ती सांगते आहे.

अजून एक गोष्ट मला आज कळली. ते पुस्तक १९३८ चे नव्हतेच. जुने मिळाले नाही, म्हणून कोणाच्या तरी माळ्यावर पडलेले वीस-बावीस वर्षांपूर्वीचे तोरिनोचे साधे टेलिफोनचे पुस्तक त्यांनी घेतले होते. तो मुलगा समोर येईल त्या ओळीवर रेघ मारत होता. प्रयोग संपल्यावर खुर्च्या गोळा करायला आम्ही पालक थांबलो होतो, तेव्हा दोन आजोबा मंचावर गेले आणि खिशातून चष्मे काढून त्यांनी ते पान बराच वेळ वाचले.